जुनं डिझेल इंजिन पुन्हा कसं सुरू करायचं?

केंदूरला आमच्या विहिरीवर हँडल मारून सुरू होणारं जुनं डिझेल इंजिन पडून होतं. पिस्टन जाम. भंगारात जाण्याआधी मी ते खोललं. तुम्हालाही असं इंजिन वाचवायचं असेल, तर हा क्रम लक्षात ठेवा.

१. फोटो काढा: प्रत्येक भाग खोलण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जोडताना तेच कामी येतात.

२. पिस्टन सोडवा: हातोडा मारू नका. हेड काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओता, काही दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे हलवा. खाली डिझेल झिरपतं, म्हणून ऑइल बदला.

३. हवा काढा: या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पाइपात हवा अडकली तर नोझलमधून फवारा येत नाही.

४. सुरू करा: डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. हँडलने उलटा झटका दिला तर तो मोडू शकतो. धूर विषारी असतो, त्यामुळे बंद खोलीत इंजिन चालवू नका.

हाताने काम करत शिकायचं, हे शेजारच्या पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून शिकवतोय. मला ते या इंजिनाने पटवलं. आता वीज गेली तरी आमचं पाणी थांबत नाही.