‘योग’ शब्दाचे अर्थांतर : दर्शन, साधना आणि व्यायाम

‘योग’ ह्या शब्दाने आज तीन भिन्न गोष्टींचा बोध होतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास तो षड्दर्शनांपैकी एका दर्शनाचे नाव म्हणून परिचित आहे. साधकाच्या दृष्टीने ती मोक्षाची वाट आहे. आणि सामान्य व्यवहारात त्याचा अर्थ आसनांचा व्यायाम असा झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केल्यापासून हा तिसरा अर्थ जगभर अधिकच रूढ झाला. ह्या तीन अर्थांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध काय, ह्याविषयी दोन टोकाची मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे आजची आसनपद्धती जशीच्या तशी पतंजलीपासून चालत आली आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ती विसाव्या शतकात पाश्चात्त्य कवायतीच्या अनुकरणाने घडली आहे. ही दोन्ही मते उपलब्ध पुराव्यापुढे कितपत टिकतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचा मूळ आवाका

ऋग्वेदात ‘योग’ म्हणजे रथाला घोडे जुंपणे. कठोपनिषदात रथाचेच रूपक आध्यात्मिक अर्थाने येते आणि इंद्रियांच्या स्थिर धारणेस योग म्हटले जाते. जुंपण्याच्या क्रियेतून आवरण्याची कल्पना निघाली, हे अर्थांतर येथे स्पष्ट दिसते. तथापि शब्द ह्या एकाच दिशेने गेला असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आन्वीक्षिकीच्या अंतर्गत सांख्य व लोकायत ह्यांच्याबरोबर ‘योग’ येतो, पण तेथे न्याय-वैशेषिकांसारखे तर्कप्रधान शास्त्र अभिप्रेत असावे असे अनेक विद्वानांचे मत आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात तर काया, वाचा व मन ह्यांच्या व्यापारास योग म्हटले असून त्यामुळेच कर्माचा आस्रव होतो असे सांगितले आहे. म्हणजे पातंजल परंपरेत जो मुक्तीचा उपाय, तोच शब्द येथे बंधाच्या कारणाचा वाचक आहे. पुढे आठव्या शतकात हरिभद्रसूरीने जैन परंपरेतच योगाचा अर्थ मोक्षाशी जोडणारी साधना असा केला. वैद्यकातील औषधियोग, ज्योतिषातील ग्रहयोग, किंबहुना मराठीतील ‘योगायोग’ हे प्रयोगही ह्याच शब्दाची संतती होत. तेव्हा अमुक एक अर्थ तेवढा ‘खरा’ व बाकीचे भ्रष्ट, अशी भूमिका इतिहासाच्या अभ्यासकास घेता येत नाही.

२. दर्शन

पातंजल योगात शब्दाला शास्त्रीय काटेकोरपणा आला. ‘युज्’ धातूचे जोडणे आणि समाधी असे दोन अर्थ वैयाकरणांनी दिले आहेत. व्यासभाष्याने योग म्हणजे समाधी असे प्रारंभीच सांगितले, आणि येथे जोडण्याचा अर्थ घ्यावयाचा नाही, असा स्पष्ट निर्वाळा वाचस्पतिमिश्राने दिला. ह्यामागे तात्त्विक कारण आहे. सांख्यांच्या तत्त्वव्यवस्थेत पुरुष व प्रकृती ह्यांचा विवेक होऊन पुरुष केवल होणे हे साध्य आहे. तेथे कोणाचे कोणाशी मीलन होत नाही. म्हणूनच अकराव्या शतकात भोजाने ह्या शास्त्रातील योग हा वस्तुतः वियोग आहे, ह्या विरोधाभासाकडे लक्ष वेधले. ‘योग म्हणजे जीवाशिवाचे ऐक्य’ ही व्याख्या वेदान्ताच्या व तंत्राच्या अंगाने आली आहे. ती पतंजलीवर लादणे युक्त नव्हे.

सूत्रे व भाष्य मिळून एकाच कर्त्याचे ‘पातंजलयोगशास्त्र’ होते व ते इ. स. ४०० च्या सुमारास सिद्ध झाले, असे फिलिप मास ह्यांनी अलीकडे प्रतिपादिले आहे. ते मान्य केले वा न केले, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाचा प्रत्यक्ष विचार अवघ्या तीन सूत्रांत आहे. भाष्यात पद्म, वीर, भद्र, स्वस्तिक इत्यादी आसनांची नावे येतात, परंतु ती मुख्यतः बैठकीची आसने आहेत. दीर्घकाळ अविचल बसता यावे, एवढेच तेथील आसनाचे प्रयोजन. त्यामुळे आजचा आसनाभ्यास थेट पतंजलीपासून आला, हे पहिले मत ग्रंथप्रामाण्याने सिद्ध होत नाही.

३. साधना

शरीर हे साधनेचे क्षेत्र झाले ते हठयोगात. अकराव्या शतकातील ‘अमृतसिद्धी’ हा बौद्ध वज्रयानाच्या परिसरातील ग्रंथ आणि तेराव्या शतकातील ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ ह्यांत बंध, मुद्रा व प्राणनिरोध ह्यांची पद्धती आकार घेताना दिसते. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त तिचे संकलन झाले.

ह्या विकासक्रमात ज्ञानेश्वरीचे स्थान विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात मूळ, जालंधर व उड्डियान हे तीन बंध आणि कुंडलिनीचे उत्थान ह्यांचे सविस्तर वर्णन आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत ह्यांपैकी काहीही नाही. ज्ञानेश्वरांनी नाथपरंपरेतून आलेली साधना गीतेच्या ध्यानयोगावर उभी केली, आणि तीही हठप्रदीपिकेच्या दीडशे वर्षांहून अधिक आधी व देशी भाषेत. त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात ह्या मार्गाचे कष्ट दाखवून भक्तीची सुलभता प्रतिपादिली आहे. साधनेची वाट ज्ञात असूनही ती सर्वांची वाट नव्हे, ही जाणीव वारकरी परंपरेच्या मुळाशी आहे.

तरीही हठप्रदीपिकेत आसने पंधराच आहेत. ‘घेरण्डसंहिते’त ती बत्तीस झाली. शेकडो आसनांची आजची व्यवस्था ह्या प्रसिद्ध ग्रंथांवरून उलगडत नाही. नेमक्या ह्या रिकाम्या जागेत दुसरे मत उभे राहिले.

४. व्यायाम

मार्क सिंगल्टन ह्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आधुनिक आसनप्रधान योगावर युरोपीय व्यायामपद्धतींचा प्रभाव दाखविला. त्यातील पुरावा उपेक्षणीय नाही. स्वामी विवेकानंदांनी १८९६ च्या ‘राजयोगा’त हठयोगाला गौण लेखले होते, त्यानंतर चार दशकांत आसनांना जी प्रतिष्ठा आली, तिच्यामागे शरीरसंवर्धनाची राष्ट्रीय चळवळ निश्चितपणे होती.

परंतु पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील ‘हठाभ्यासपद्धति’ ह्या संस्कृत हस्तलिखिताने प्रश्नाचे स्वरूप पालटले. कपाल कुरंटकाच्या नावावर असलेला हा ग्रंथ अठराव्या शतकातील असावा असा अदमास आहे. त्यात ११२ आसने असून उताणे पडून, पालथे पडून, उभे राहून व दोरीच्या साहाय्याने करावयाची, असे त्यांचे वर्ग पाडले आहेत. काही आसनांत एकच हालचाल पुनःपुन्हा करावयास सांगितली आहे. तीवरून आखाड्यातील दंडांची आठवण होते, तर दोरीच्या आसनांवरून मल्लखांबाची. जेसन बर्च व सिंगल्टन ह्यांनीच २०१९ मध्ये ह्या ग्रंथाचा सविस्तर परामर्श घेतला. म्हैसूरच्या मुम्मडि कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) ह्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’तील १२२ सचित्र आसनांचा आधारही ह्याच परंपरेत सापडतो. पुढे १९३३ पासून त्याच म्हैसूरच्या राजाश्रयाने टी. कृष्णमाचार्य ह्यांनी योगशाळा चालविली आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले, हे येथे ध्यानात घ्यावे. अर्थात ग्रंथातील साम्य म्हणजे अखंड गुरुपरंपरा नव्हे. पण गतिमान व श्रमप्रधान आसने युरोपीय कवायतीच्या आधी भारतात नव्हती, असे आता म्हणता येत नाही.

मात्र ‘हठाभ्यासपद्धती’तील आसने स्वतः साध्य नाहीत. शरीर बळकट व स्थिर होऊन ते षट्कर्मांस आणि पुढील साधनेस योग्य व्हावे, असा त्यांचा क्रम आहे. विसाव्या शतकात पालटला तो हा क्रम. राजरत्न माणिकराव ह्यांच्याकडे व्यायामविद्या आणि परमहंस माधवदास ह्यांच्याकडे योगविद्या शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नौलीच्या वेळी आतड्यांत निर्माण होणारा ऋण दाब त्यांनी उपकरणाने मोजला. ह्या प्रयोगाने योगाला नवे प्रमाण मिळाले : आप्तवचन व स्वानुभव ह्यांच्या जोडीला मापन आले. आरोग्य हे पूर्वी साधनेचे आनुषंगिक फळ होते. आता ते स्वतंत्र प्रयोजन म्हणून मांडता येऊ लागले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार व्यायाम म्हणूनच केला होता. कालांतराने तेही योगाच्या कक्षेत समाविष्ट झाले.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, दर्शन, साधना व व्यायाम हे योगाचे तीन कालखंड नव्हेत, तर प्रयोजनांचे तीन क्रम आहेत. पतंजलीत शरीर समाधीसाठी आहे. हठयोगात ते सिद्धीचे व मुक्तीचे साधनक्षेत्र आहे. आधुनिक व्यायामात शरीराचे स्वास्थ्य हेच फळ आहे. क्रिया पुष्कळदा त्याच राहिल्या, पण त्या कशासाठी करावयाच्या ह्याचे उत्तर बदलले. म्हणून एखादे आसन प्राचीन आहे की अर्वाचीन, एवढ्याच प्रश्नाने योगाच्या इतिहासाचा निर्णय होणार नाही; प्रत्येक ग्रंथात ते कोणत्या साध्यासाठी सांगितले आहे, हे पाहावे लागेल. प्राचीनत्वाचा अभिमान आणि परकीय उगमाचा सिद्धान्त ह्या दोहोंची परीक्षा करणारे साधन पुण्यातील एका पोथीच्या रूपाने हाती आले, ही गोष्ट महाराष्ट्रातील हस्तलिखितसंग्रहांच्या पद्धतशीर अभ्यासाची निकड पुरेशी स्पष्ट करते.