बादलीतले गार पाणी

१७५१ च्या आरंभी हेन्री एलिस या इंग्रज कप्तानाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून रेव्हरंड स्टीफन हेल्स यांना एक पत्र पाठवले. वाटेत, २५ उत्तर अक्षांशाच्या आसपास, त्याने हेल्स यांनी दिलेली झडपांची बादली दोराने समुद्रात सोडली होती. खाली जाताना झडपा उघड्या राहत, वर ओढताना मिटत, आत तापमापक. पृष्ठभागावर पारा ८४ अंश फॅरनहाइट, ३९०० फुटांवर ५३. मैलभर खोल सोडूनही तो आणखी उतरेना. (खरे तर खालचे पाणी याहून गार, वर येईतो ते तापत होते.)

या पाण्याने जहाजावर स्नानाची आणि मद्य गार करण्याची सोय झाली, असे एलिस खुशीत सांगतो. प्रवास होता गुलामांच्या व्यापारासाठी. ती खुशी वाचताना अडखळायला होते. पण खोल समुद्राच्या तापमानाची कहाणी या पत्रापासूनच सुरू करावी लागते.

उष्ण कटिबंधात इतके गार पाणी आले कुठून? तिथल्या हिवाळ्यातही समुद्राचा पृष्ठभाग कधी एवढा निवत नाही. त्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने उत्तर दिले: ध्रुवांकडे निवून जड झालेले पाणी बुडते, तळाने विषुववृत्ताकडे सरकते, आणि त्याची जागा भरायला वरून उबदार पाणी ध्रुवांकडे जाते.

१८७० च्या सुमारास विल्यम कार्पेंटर यांनी हेच मत हिरिरीने मांडले. पाण्याच्या काचपात्रात एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला उष्णता, आणि प्रवाह दिसावेत म्हणून लाल-निळा रंग, असा प्रयोगही त्यांनी सभेत करून दाखवला. विरोधात उभा राहिला जेम्स क्रॉल. हा स्कॉटिश माणूस स्वतःच शिकलेला. ग्लासगोच्या एका संग्रहालयात रखवालदारी करता करता त्याने ग्रंथालय पालथे घातले होते. त्याचे म्हणणे, घनतेतला हा फरक फार दुबळा आहे. समुद्र हलवतो तो वारा. वाद कडवट झाला. माझा कल क्रॉलकडे झुकतो, तो केवळ सहानुभूतीने नव्हे.

पातेल्यात आधण ठेवले की पाणी खालून तापते, वर येते, फिरते. समुद्र मात्र वरूनच तापतो आणि वरूनच निवतो. १९०८ मध्ये स्वीडनच्या योहान सँडस्ट्रॉम यांनी दाखवले, की जोरकस अभिसरण टिकायचे तर उष्णता थंडाव्यापेक्षा खोल जागी मिळायला हवी. म्हणजे केवळ वरच्या थंडीने बुडालेले पाणी तळ भरून टाकील आणि तिथेच साचून राहील. त्याला पुन्हा वर आणायला कुणीतरी ढवळले पाहिजे. वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९९८ मध्ये हिशेब मांडला: ढवळण्याची ही शक्ती मुख्यतः वाऱ्यातून आणि भरती-ओहोटीतून, म्हणजे बऱ्याच अंशी चंद्राकडून येते.

म्हणून कार्पेंटर चुकले असे नाही. पाणी कुठे आणि किती बुडेल, हे थंडी आणि क्षारताच ठरवतात. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दोन टाक्यांच्या साध्या गणिताने दाखवले, की अशा अभिसरणाच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, आणि गोडे पाणी वाढत गेले तर एकीतून दुसरीत ते अचानक जाऊ शकते. ग्रीनलंडचा बर्फ वितळतो आहे, आणि युरोपला मिळणाऱ्या उबेचा एक भाग याच प्रवाहातून येतो.

२००४ पासून अटलांटिकमध्ये, बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, नांगरलेली उपकरणे हा प्रवाह अखंड मोजत आहेत. त्यांची रांग २६.५ उत्तर अक्षांशावर आहे. एलिसने बादली सोडली होती, त्या अक्षांशाच्या थोडी उत्तरेला.