चालत जाण्याजोगी शाळा

मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील आजच्या गृहस्थाला मूल धड बोलू लागण्यापूर्वीच छळू लागतो; परंतु या प्रश्नाचे वय फारसे मोठे नाही. मुंबईची ही उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटाचा इतिहास पाहिला तर आईबापांनी चार शाळा पारखून त्यांतली एक पसंत केली, असे चित्र अगदी अलीकडच्या काळापर्यंत आढळत नाही. शाळा असलीच तर ती एकच असे, आणि मुलाच्या पायांना झेपेल एवढ्याच अंतरावर ती असावी लागे.

सोळाव्या शतकात बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे प्रार्थनामंदिर करून फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तेथे मठ आणि विद्यालय उभारले. ते नवख्रिस्ती मुलांसाठी होते. पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती पडली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. पण अंमल कोणाचाही असो, मराठी मुलखातील पंतोजीच्या शाळेचा शिरस्ता अशा उलथापालथींनी मोडत नसे. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात मुले जमत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, हात वळला म्हणजे बोरूने मोडीचे कित्ते काढीत, आणि दिवस मावळताना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात म्हणत. पंतोजीचे वेतन म्हणजे शिधा आणि सणासुदीला मिळेल ती दक्षिणा. हिशेब आणि कागदपत्रे यांपुरती ही विद्या होती, आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार बहुधा बंदच असे.

ते दार उघडावे म्हणून १८८२ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे दाखवून त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली कायदा झाला, पण त्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची केवळ मुभा मिळाली. शाळा पाहिजे असेल तर ती आपणच काढली पाहिजे, हे उपनगरांतील लोकांनी तोवर ओळखले होते.

१८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, १८६७ साली पश्चिमेकडे विरारपासून मुंबईपर्यंत लोकल सुरू झाली, आणि कोळी, आगरी, कुणबी व ईस्ट इंडियन लोकांच्या जुन्या गावांशेजारी नोकरदारांची वस्ती हळूहळू वाढू लागली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. पुरते वर्ष उलटण्यापूर्वीच, जून १९२१ मध्ये, अंधेरीला लागून असलेल्या विलेपार्ल्यात त्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांच्या देणग्यांनी गुजराती शाळांना बळ दिले. या पिढीने शाळेची निवड केली नाही, शाळेची स्थापना केली. आणि ज्या संस्थेसाठी आपण वर्गणी दिली, तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही तिने आपली मानली.

१९५० साली निकटची उपनगरे आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला, तेव्हा प्राथमिक शिक्षणाचा भार महापालिकेवर पडला. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शिकवणाऱ्या तिच्या शाळांनी कामगारांच्या, फेरीवाल्यांच्या आणि कारकुनांच्या लक्षावधी मुलांना अक्षरओळख करून दिली, हे ऋण आपण विसरता कामा नये.

त्याच दशकात निवडीचा प्रश्न प्रथम न्यायासनापुढे गेला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी प्रवेश देऊ नये, असे परिपत्रक मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये काढले. देवळालीच्या बार्न्स शाळेच्या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ते परिपत्रक घटनाबाह्य ठरवले. हा निर्णय रास्तच होता. पण मिळालेला हक्क आपण कसा वापरला, याचा जाब मराठी शाळांतील ओस वर्ग आज आपल्याला विचारत आहेत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारच्या शाळेचे जुने माप पुन्हा प्रतिष्ठित केले. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरताना पालकाला संगणकाच्या नकाशावर आपल्या घराची जागा अचूक दाखवावी लागते, आणि घरापासून शाळेपर्यंतचे अंतर त्यावरून मोजले जाते. जवळपास एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या बंधनातून सूट देणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. गरिबाच्या मुलालाही निवडीचा वाटा हवा, हेच त्या निकालाने मान्य केले.

या इतिहासावरून माझे मत असे झाले आहे, की पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी योग्य शाळा म्हणजे जिथे ते चालत जाऊ शकते, जिथे घरची भाषा बोलताना त्याला संकोच वाटत नाही, आणि जिच्या कारभारात त्याच्या आईबापांना शब्द आहे. तो शब्द कायद्याने दिलेला आहे: सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. तेव्हा दूरच्या शाळेचा अर्ज भरण्यापूर्वी शेजारची शाळा एकदा आत जाऊन पाहावी, तेथील शिक्षकांशी बोलावे, आणि ती पसंत पडली तर त्या समितीतली आपली जागा रिकामी राहू देऊ नये.