समुद्रसपाटीपासून म्हणजे नेमकं कुठून?

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. त्याआधी 'समुद्रसपाटीपासून' असं म्हणायलाच हवं, असा गुरुजींचा आग्रह असे. इथे राईमधल्या ऑफिसात संगणकावर आकड्यांच्या कोष्टकांशी रोज झटापट करताना मला पटलंय, की तो एक शब्द गाळला तर १६४६ ला काही अर्थच उरत नाही.

मुळात समुद्र सपाट नाही. भरती-ओहोटीने तो सतत वर-खाली होतो, म्हणून वर्षानुवर्षं पाणी मोजून सरासरी काढावी लागते. मुंबईत अपोलो बंदरच्या अशा नोंदी १८७८ पासून आहेत. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९०९ पर्यंत देशभर उंचीचं जे जाळं विणलं, ते कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांतली सरासरी पातळी शून्य मानून.

पण मुंबई महापालिकेचं शून्य वेगळंच! १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलशी, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीशी, ते जोडलेलं आहे. नाव 'टाऊन हॉल डेटम'. सखल प्लॉट मुरूम-माती टाकून निदान ९२ फूट डेटमपर्यंत भरून घ्या, अशी अट बांधकाम परवानगीत असायची. म्हणजे मुंबई समुद्राच्या ९२ फूट वर आहे का? छे! ते शून्यच समुद्राच्या खूप खाली कल्पिलेलं आहे.

तिसरं शून्य भरतीचं. पावसाळ्यात 'आज साडेचार मीटरची भरती' अशी बातमी वाचून आपण घरी फोन लावतो. हा आकडा नाविक नकाशाच्या शून्यापासूनचा असतो. बोटी तळाला लागू नयेत म्हणून ते अगदी खालच्या ओहोटीजवळ धरतात. सरासरी समुद्रपातळीपासून मोजली तर हीच भरती जेमतेम दोन मीटर भरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरतीची भर. अशा वेळी नाल्याचं पाणी समुद्रात जाईल की उलटं वस्तीत शिरेल, हे कळायला नाला, रस्ता आणि भरती यांची पातळी एकाच शून्यावर आणावीच लागते.

कुवेतमध्येही तीच गंमत आहे. इथल्या सार्वजनिक बांधकामाचं शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे १.०३ मीटर खाली. कुवेत ऑइल कंपनीचं बांधकामाचं शून्य, जे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीसाठी ठरवलं गेलं, ते १.५२ मीटर खाली. आणि तेलविहिरींची खोली मोजण्याचं शून्य ३.२२ मीटर वर! एकाच कंपनीच्या दोन शून्यांत ४.७४ मीटरचा फरक, म्हणजे एका मजल्याहून जास्त.

माणूस विचारून खात्री करून घेतो, संगणक विचारत नाही. म्हणून हवामान आणि समुद्राच्या माहितीसाठी 'सी-एफ' नावाचे संकेत तयार झाले. त्यांची पहिली आवृत्ती २००३ ची. त्यांत 'हाइट' म्हणजे जमिनीच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागापासून वर, 'डेप्थ' म्हणजे त्याच पृष्ठभागाखाली, आणि 'अल्टिट्यूड' म्हणजे साधारण सरासरी समुद्रपातळीपासून वर. शिवाय आकडा वर जाताना वाढतो की खाली जाताना, हेही लिहून ठेवायचं. मराठीत मात्र आपण पहिल्याला आणि तिसऱ्याला सरसकट 'उंची' म्हणून मोकळे होतो.

तेव्हा मंडळी, मुंबईत फ्लॅट घेताना 'प्लॉट चांगला उंचावर आहे' असं कुणी सांगितलं, तर किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा: उंचावर, पण कुठून?