पावसाळ्यातील मॉनिटर : बिघाड कोणता, ओलावा कोठला?

जून संपता संपता मुंबई-ठाण्यातील आणि कोकणपट्टीतील घरांत कपाटांना कुबट वास येऊ लागतो, पापड सादळतात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. नेमक्या याच सुमारास संगणकाचा मॉनिटरही कुरकुर करू लागतो. सकाळी सुरू करताच चित्र थरथरते, रंग फिकुटतात, एखादी रेघ उमटते आणि तासाभराने सारे पूर्ववत होते. ‘पावसामुळे होते असे’ म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः ही पूर्वसूचना असते आणि तिचे कारण त्या बरणीतच दडलेले असते.

मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. किनाऱ्याजवळच्या शहरांतील धुळीत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मॉनिटरच्या मागील झरोक्यांतून ही धूळ सर्किट बोर्डावर साचते. उन्हाळ्यात ती कोरडी, म्हणून निरुपद्रवी असते. जुलैत आर्द्रता वाढली की तोच थर ओलसर होऊन वीजवाहक बनतो. जिथे प्रवाह जाऊ नये तिथून तो थोडाथोडा झिरपू लागतो आणि तांब्याच्या बारीक वाटा हिरवट होऊन झिजू लागतात. मॉनिटर बटणाने बंद केला तरी आतील काही भागात वीज खेळतच असते आणि ही झीज रात्रभर चालू राहते. म्हणून पावसाळ्यात भिंतीवरचा स्विच बंद करण्याची सवय लावावी. सर्वांत स्वस्त उपाय हाच.

मात्र प्रत्येक बिघाडाचे खापर पावसावर फोडू नये. दोष मॉनिटरचा, केबलचा की संगणकाचा, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ठरवता येते. मॉनिटर सुरू ठेवून चित्राची केबल काढावी. ‘नो सिग्नल’ अशा अर्थाची सूचना स्वच्छ दिसली, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. दुसरी परीक्षा मेनूची. प्रकाश कमी-जास्त करण्याचा मेनू मॉनिटर स्वतः रेखाटतो, संगणक नव्हे. रेघा त्या मेनूवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा आहे. मेनू स्वच्छ आणि मागचे चित्र मात्र विस्कटलेले असेल, तर केबल किंवा संगणक तपासावा. शंका उरलीच तर स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहावा. त्यातही दोष दिसला, तर मॉनिटर निर्दोष ठरतो.

जुन्या निळ्या, १५ टाचण्यांच्या व्हीजीए केबलचे एक वैशिष्ट्य असे की तिच्यात तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. पडदा पिवळसर झाला तर निळा रंग पोहोचत नाही, जांभळट-गुलाबी झाला तर हिरवा आणि निळसर-हिरवा झाला तर तांबडा पोहोचत नाही, असे समजावे. वाकलेली किंवा गंजलेली टाचणी हे त्याचे नेहमीचे कारण. (एक टाचणी मुळातच नसलेल्या केबलही असतात, ती हरवली म्हणून घाबरू नये.) एचडीएमआय केबलमध्ये असा एकच रंग सहसा जात नाही, ठिपके चमकतात किंवा चित्र मधूनमधून गायब होते. दोन्ही बाबतीत केबल काढून, टोके कोरड्या मऊ ब्रशने साफ करून पुन्हा घट्ट बसवावी आणि नंतरच तंत्रज्ञाला बोलवावे.

पडदा पूर्ण काळा, पण दिवा मात्र लागलेला? खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. पुसट चित्र दिसले तर चित्र तयार होते आहे, केवळ मागचा प्रकाश गेलेला आहे. हा बिघाड बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखा असतो. सुरू व्हायला वेळ लागणे किंवा दोन सेकंद दिसून मालवणे याचे कारण अनेकदा वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील फुगलेले कपॅसिटर असतात. तेही बदलता येतात. काठापासून काठापर्यंत जाणारी एकच बारीक उभी रेघ मात्र वाईट. पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक पट्टीचा सांधा सुटलेला असतो आणि साध्या डाखणीने तो जोडता येत नाही. पॅनेल बदलण्याचा खर्च बऱ्याचदा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो. दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी हा हिशेब अवश्य विचारावा.

आता प्रत्यक्ष पाणी शिरल्यास. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी पाणी ओसरताच यंत्र ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह होतो. तो मोहच घातक. नुसत्या पाण्याने जेवढी हानी होते, त्याहून अधिक ओल्या बोर्डात वीज सोडल्याने होते. मुख्य स्विच बंद करावा, ओल्या प्लगला हात लावू नये. केबल काढून मॉनिटर उभाच ठेवावा. आडवा केल्यास तळाचे पाणी पडद्याच्या थरांत जाते आणि तेथे ढगासारखे डाग पडतात. बाहेरचे पाणी टिपून पंख्याच्या वाऱ्यावर किमान दोन-तीन दिवस ठेवावे. हेअर ड्रायर वापरू नये. उष्णतेने आतील पातळ पत्रे वाकतात. तांदळाच्या डब्याचा उपाय लोकप्रिय असला तरी त्यातून भुकटीच आत जाते. पुराचे पाणी, चहा किंवा सरबत सांडले असेल तर नुसते सुकवणे पुरेसे नाही. उरलेला क्षार व साखर तंत्रज्ञाकडून धुऊन घ्यावी लागते. धीर एवढाच की मॉनिटरमध्ये आपली एकही फाईल नसते.

झाकण स्वतः उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठवलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकते. कोणाकडे काचेच्या नळीचा जुना मॉनिटर अजून असेल, तर त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. दमट दिवसांत त्यातून चटचट आवाज किंवा उग्र वास आला, तर तो ताबडतोब बंद करावा.

वातानुकूलित खोलीत आणखी एक धोका असतो. ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेली हवा सुमारे २६ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या, तर गार पडलेल्या मॉनिटरवर, आणि झरोक्यांतून आतही, हेच होते. पुसण्याचा फवारा थेट पडद्यावर मारणेही टाळावे. ओघळ खालच्या पट्टीतून आत उतरतो. फडके किंचित ओले करून पुसावे, तेही मॉनिटर बंद असताना. मॉनिटर भिंतीपासून वीतभर दूर असावा, ओल आलेल्या भिंतीला टेकलेला तर नसावाच. रोज तासभर चालणारा मॉनिटर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. पावसाळ्यात गावी जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतल्यावर मात्र आधी पंखा लावून खोली कोरडी होऊ द्यावी आणि मगच स्विचला हात लावावा.