भाद्रपदाचा हिशेब : मालवण किनाऱ्याची चवथ, काळा वाटाणा आणि दंडाचे लुगडे

१/ गणेशचतुर्थी हा कोकणच्या समृद्धीचा सण, असे चित्र आज रूढ आहे. शेतीचे आणि समुद्राचे वेळापत्रक शेजारी ठेवले की ते उलटे दिसू लागते. भाद्रपदात जुने भात कणगीच्या तळाशी गेलेले असे आणि नवे अजून शेतात उभे असे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रही नुकता कुठे उघडत असे. वर्षातील सर्वांत मोठी पंगत वर्षातील सर्वांत रिकाम्या घरात बसत होती. ती कशी बसत होती, याविषयी हा थ्रेड.

२/ आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जन्मला. त्यापूर्वी मालवण हे रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि हा जिल्हा पोटापुरते धान्य पिकवत नसे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅझेटिअरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात गरिबांच्या ताटात नाचणी आणि हरिकासारखी धान्ये दिसतात. उरलेली तूट मुंबईचा पगार भरून काढी. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दोन लाखांहून अधिक रहिवासी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

३/ पैसा येण्याची वाट म्हणजे मनीऑर्डर. भारतीय टपाल खात्याने ही सेवा १८८० मध्ये सुरू केली. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद राहत, त्यामुळे माणूस पोहोचण्याआधी पैसा पोहोचे, आणि पुष्कळदा माणूस पोहोचतच नसे. त्या रकमेत सावकाराचे व्याज, मुलांची पुस्तके आणि चवथ असे तिन्ही बसवायचे असे. हे बसवणारी व्यक्ती बहुधा स्त्री होती. तिच्या हिशेबाची वही कोणत्याही दप्तरात नाही, कारण तो हिशेब तोंडी होता.

४/ वही नसली तरी पाककृती आहेत, आणि त्या वाचता येतात. मालवणी सणाच्या पानातील काळ्या वाटाण्याचे सांबारे घ्या. हे कडधान्य स्वस्त, वर्षभर टिकणारे आणि रात्रभर भिजवले की दुपटीने फुगणारे. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाने त्याचा रस दाट होतो, म्हणजे थोड्या वाटाण्यात बरीच पाने वाढता येतात. परसातले अळू आणि मांडवावरचे दोडके, पडवळ, तवशी यांना पैसा पडत नसे. मे महिन्यात फणस खाऊन झाल्यावर आठळ्या मातीत किंवा राखेत जपून ठेवल्या जात. त्या या दिवसांत भाजीत पडत. आंबटपणासाठी उन्हाळ्यात वाळवलेली सोले असत.

गोडाचेही तसेच. नागपंचमीपासून गौरीपर्यंत होणाऱ्या पातोळ्यांना लागते काय? तांदळाचे पीठ, गूळ, खोबरे आणि परसातील हळदीची पाने. यांतील गूळ तेवढा बाजाराचा. तांदूळ मात्र जपून काढलेला. त्या तांदळासाठी आधीचे कित्येक दिवस घराने नाचणीच्या भाकरीवर आणि कुळथाच्या पिठीवर काढलेले असत. पाहुण्याला ते पानात दिसत नसे. दिसू नये, हाच तर हेतू होता.

५/ सजावटीलाही हाच न्याय. गणपतीच्या डोक्यावर टांगली जाणारी माटवी म्हणजे लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातील फळेफुले : कवंडळे, कांगण्या, शेरवडे, शिवाय नारळ आणि सुपारीचे घोस. माटवीला दुकानातले काहीच लागत नसे. डोंगर ओळखणारे डोळे आणि एक सकाळ पुरे.

६/ आता कपडे. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याचा आणि कासोट्याचा भाग आधी विरतो, पदर आणि काठ शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले तुकडे जोडायचे, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र शिवायचे. याला म्हणतात दंड घालणे. शिवण निऱ्यांत गेली की लुगडे चारचौघांत नेसण्याजोगे होई. नवी सून गौरीपुढे ओवसा घेऊन उभी राही, तेव्हा तिच्यासाठी लग्नातले लुगडे पेटीतून पुन्हा बाहेर निघे. बाकीच्या बायका घडीचे किंवा दंडाचे नेसत.

या वस्त्राचा प्रवास दंडावरही संपत नसे. त्यातून पुढे मुलांची झबली आणि दुपटी निघत, मग गोधडीचे थर, आणि शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे. वस्तुसंग्रहालयांत पैठण्या आहेत, कारण त्या जपल्या गेल्या. दंडाचे लुगडे तिथे सापडणे कठीण. ते पूर्ण वापरून संपवलेले असते.

७/ येथे एक विसंगती आहे आणि ती नुसती काव्यात्म म्हणून सोडता येत नाही. ज्या घरात लुगडे जोडून नेसले जाई, त्याच घरचा पुरुष परळ-लालबागच्या गिरणीत कापडाचे तागे विणत होता. अपुऱ्या लांबीचे वा डागाळलेले तुकडे, म्हणजे फेंट आणि चिंध्या, गिरण्या ताग्यांपासून वेगळे काढून विकत. अखंड तागा बाजारासाठी असे आणि तुकडा गरिबासाठी.

८/ आकडे पाहा. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. अहवाल १९२३ मध्ये आला. एकूण खर्चापैकी ५६.८ टक्के खर्च अन्नावर होत होता आणि कपड्यांवर ९.६ टक्के. कामगाराला मिळणारे धान्य तुरुंगाच्या नियमावलीतील शिध्याहूनही कमी भरत होते, हे त्याच सरकारी अहवालाने नोंदवले. असा माणूस पोटाला चिमटा घेऊन गावी पैसे पाठवत होता. काटकसर दोन्ही टोकांना होती. मधल्या सुताच्या नफ्याला तिची झळ नव्हती.

९/ इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात गिरणी कामगारांच्या गावाशी असलेल्या नात्याची नवी मांडणी केली. त्यांच्या मते ते नाते मागासलेपणाचा अवशेष नव्हते. बेभरवशाच्या शहरी रोजगाराविरुद्धचा तो आधार होता. हे पटते. मात्र त्या आधाराचा तपशील कणगी, परसू आणि सुईदोऱ्यापर्यंत नेला पाहिजे. गावचे घर इतक्या कमी पैशात चालत होते, म्हणूनच शहरातील पगार इतका कमी ठेवणे शक्य झाले.

१०/ ही रीत केवळ कामगारांच्या घरांची होती असे नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त दापोलीकडच्या एका उतरत्या काळ पाहणाऱ्या घराची चवथ आहे, आणि धाकट्या भावाच्या नव्या कोटासाठी साठवलेले खाऊचे पैसे आहेत.

११/ महायुद्धाने हा हिशेब आणखी आवळला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. २ मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आले, जूनमध्ये कापड नियंत्रणाचा आदेश निघाला. गिरण्या तेजीत होत्या, कापड मात्र दुर्मीळ होते. दंड घालण्याची विद्या ज्या घरांत होती, त्यांना ती नव्याने शिकावी लागली नाही.

१२/ खरी कसोटी लागली ती १९८२ मध्ये. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षीची चवथ २२ ऑगस्टला आली, तेव्हा संपाला सात महिने उलटले होते. मनीऑर्डरी आटल्या होत्या आणि त्या पाठवणारे कितीतरी हात आता गावीच, पंगतीत बसलेले होते. नवा सिंधुदुर्ग जिल्हा अवघा सव्वा वर्षाचा होता. माटवीला पैसे लागत नव्हते, अळू परसात होते, जुनी लुगडी पेटीत होती. तांदूळ मात्र विकत आणावा लागत होता.