घर पाहावे कुठे? पनवेलचा दाखला

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या आजच्या कुटुंबाला त्याआधीचाच प्रश्न अधिक छळतो : घर पाहावे कुठे? नोकरीचे ठिकाण, मुलांची शाळा, रविवारच्या मिस्सेसाठी चर्च किती दूर, आणि गाठीला पैसा किती, या सर्वांचा मेळ घालीत माणसे शहराच्या कडेकडेने सरकत जातात. निवड आपणच केली, असे आपल्याला वाटते. पनवेलचा इतिहास मात्र सांगतो की, वस्ती कोठे वाढावी हे बहुधा वाटा ठरवितात, आणि वाटा आखणारे हात वेगळेच असतात.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबतात बसून पनवेलच्या बंदरात उतरत असे. खाडीतला प्रवास भरती-ओहोटीच्या स्वाधीन. म्हणून मुंबई किती दूर, याचे उत्तर तेव्हा घड्याळापेक्षा पाण्याकडेच असे. पुढे बोरघाटाची वाट. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८३० साली, घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे भाग्य उजळले. देशावरचा माल येथे उतरू लागला, भाताचा व्यापार वाढला, येथील गाडीच्या चाकांना घाटावरून मागणी येऊ लागली. व्यापारी आले, कारागीर आले. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायली येथेही वसले. त्यांचे ‘बेथ एल’ सिनेगॉग १८४९ सालचे आहे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. आज मोठमोठ्या शहरांची नावे घेताना पनवेल आठवत नाही. पण नगरपालिकेचा इतका जुना वारसा राज्यात फार थोड्या गावांना आहे.

त्यानंतर एका वर्षाने, १८५३ मध्ये, मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८६३ साली लोहमार्ग बोरघाट चढून गेला. परंतु कल्याण-कर्जतवरून, पनवेलला बाजूस ठेवून. पनवेलकरांच्या हातून काही चुकले नव्हते. वाट बदलली आणि व्यापार तिच्यामागे गेला, इतकेच. पुण्याचा प्रवासी आता बंदरात उतरेनासा झाला.

शंभर वर्षांनी वाट पुन्हा वळली. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली होती. तिची वाढ बंदराच्या पलीकडे, पूर्वेस वळवावी, अशी सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. मूळ कल्पना अशी की, नव्या शहरात घरांबरोबर रोजगारही यावा. राज्याचा कारभारही तिकडे हलावा. प्रत्यक्षात मंत्रालय मुंबईतच राहिले. घरे खाडीपलीकडे आणि पुष्कळांच्या कचेऱ्या अलीकडे, अशी अवस्था झाली. परिणामी, नव्या रहिवाशाला स्वस्त घराची उरलेली किंमत रोजच्या प्रवासातून फेडावी लागली.

याहून मोठी किंमत मोजली ती येथे आधीपासून राहणाऱ्यांनी. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांना ‘कोठे राहावे’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पनवेलचे आमदार म्हणून अनेकदा निवडून आलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्यातूनच पुढे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना आली. म्हणजे जमिनीवरचा हक्कही येथे रक्त सांडून मिळवावा लागला.

त्यानंतरचा काळ वेगाचा आहे. १९९८ मध्ये मुंबईची लोकल पनवेलला पोहोचली. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. एकेकाळी भरतीवर मोजले जाणारे अंतर आता मिनिटांत मोजतात. प्रत्येक नव्या वाटेबरोबर जागेचे भाव वाढतात आणि साध्या मिळकतीची कुटुंबे आणखी पलीकडे सरकतात. दरम्यान निसर्गानेही आपले अस्तित्व दाखविले : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पनवेलला पुराचा जबर तडाखा बसला. खाडी आणि गाढी नदी यांच्या सोबतीने राहणाऱ्या गावाची जमीन सखल आहे, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. घर घेणाऱ्याने स्टेशनचे अंतर विचारावे, तसे पावसाळ्यात पाणी कुठवर चढते हेही विचारावे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे जुना धर्मग्राम सोडून अशा नव्या वसाहतींत गेली आहेत, जात आहेत. त्यात गैर काही नाही. डोक्यावर छप्पर हवेच. मात्र खारघर, कामोठे, कळंबोली ही केवळ वसाहतींची नावे नाहीत. ती आधीपासून नांदत्या गावांची नावे आहेत. नव्या घराची किल्ली हाती आल्यावर एखाद्या संध्याकाळी जुन्या गावठाणात जाऊन यावे. तेथील एखाद्या वृद्धाला ‘आमची इमारत उभी आहे तेथे पूर्वी काय होते?’ असे विचारावे. शेजारधर्माची सुरुवात तेथूनच होईल.